दोन सत्तावीस

स्टेशन रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर लाकडांनी भरलेला ट्रॅक्टर गर्दीत अडकून उभा राहिला आणि ट्रॉलीतल्या सगळ्यात वरच्या ओंडक्यावर मला माझंच अक्षर दिसलं. पांढऱ्या ऑइल पेंटमध्ये काढलेला सत्तावीस. दोनाची शेपटी लांब ओढलेली आणि साताच्या डोक्याशी नको तेवढी मोठी गाठ. असला सात अख्ख्या परभणीत दुसरं कोणी काढत असेल असं मला वाटत नाही. माझे वडील पालमच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी माझ्याकडून फरशीवर ओल्या बोटानं अंक गिरवून घेतले होते, आणि बोट जिथं जास्त वेळ टेकायचं तिथं पाणी साचायचं, तसा माझा सात डोक्याशी साचूनच राहिला. सुकेशनी, तुझ्या साताला कायमची सर्दी झालीय, असं ते म्हणायचे. दुकानदार मला विचारत होता की एका बाजूनं काढू का दोन्ही, आणि मी म्हणाले, सत्तावीस. तो म्हणाला, एवढ्या प्रती? तोवर ट्रॅक्टर हलला. मी माझे कागद काउंटरवर तसेच टाकून त्याच्यामागं दहा-बारा पावलं पळाले आणि एका रसवंतीपाशी थांबले. पळून मी काय करणार होते ते माझं मलाच माहीत नव्हतं.

मी खारींवर संशोधन करते. हे वाक्य मी आजवर शेकडो लोकांना सांगितलं असेल आणि त्यातले निम्मे तरी हसले असतील. माझी आई, कुसुमबाई, तिला तर अजून पटलेलं नाही. खारीत काय असतंय पाहण्यासारखं, समोर तर पळायल्यात, असं ती म्हणते, आणि तिचं अगदीच चुकतं असंही नाही. पेडगावच्या पुढं, किती पुढं ते मुद्दाम सांगत नाही, रस्त्याच्या कडेला आणि लगतच्या बांधावर चौसष्ट झाडं मी तीन वर्षं पाहते आहे. बहुतेक कडुलिंब, थोड्या बाभळी. ज्या झाडावर घरटं, त्या झाडावर पांढरा आकडा. खारी शेंगदाण्यावर पिंजऱ्यात येतात, मग त्यांच्या शेपटीवर पुरुषांच्या मिशीला लावायच्या काळ्या रंगाचे पट्टे ओढायचे आणि सोडून द्यायचं. त्या रंगाची पाकिटं घेताना मेडिकलवाला अजून माझ्या मागं कोणी म्हातारा उभा आहे का ते बघतो. सत्तावीस नंबरवर शेपटीला दोन पट्टे असलेली एक मादी होती. पऱ्हाटीवर राहिलेल्या बोंडांतला कापूस ओढून ओढून तिनं घरटं भरताना मी पाहिलं होतं, आणि त्यानंतर ती बाहेर यायची कमी झाली होती. माझ्या हिशेबानं तिची पिलं ट्रॅक्टर दिसला त्या दिवशी दोन आठवड्यांची होती. दोन आठवड्यांच्या पिलांचे डोळे उघडलेले नसतात.

रस्ता रुंद होणार हे मला जानेवारीतच कळलं होतं. तोडायच्या झाडांवर ठेकेदाराच्या माणसांनी तांबडे आकडे टाकले, तेही मी पाहिलं. मनात म्हटलं, तांबडे त्यांचे, पांढरे माझे. आणि गप्प बसले. कोणाला जाऊन सांगितलं नाही, एक कागद लिहून दिला नाही. इतकी वर्षं शिकून मला एवढंही सुचलं नाही की झाडावर आकडा दिसला की तोडणारा माणूस तो कोणी काढला हे विचारत बसत नाही. मानवतच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर हे वाक्य माझ्या डोक्यात इतक्या वेळा फिरलं की शेवटी मी ते पुटपुटायला लागले आणि शेजारच्या बाईनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. एक तुटलं असेल तर चौसष्टच्या चौसष्ट तुटली असतील. चौसष्ट झाडं मी माझ्या हातानं, ब्रश घेऊन, स्टुलावर चढून, नीट दिसतील अशी त्यांना दाखवून दिली होती.

आणि मग पालमची शाळा आठवली. मी सहावीत मॉनिटर होते. आमच्या वर्गाचे गुरुजी बाहेर गेले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची. त्या दिवशी सगळा वर्ग बोलत होता, मी सुद्धा. गुरुजींची चप्पल वाजली आणि घाईत मी एकच नाव लिहिलं, वैष्णवी. ती जास्त बोलत होती म्हणून नव्हे, तर ती समोर बसली होती आणि माझा हात तिच्याकडे गेला म्हणून. गुरुजींनी तिला काही विचारलं नाही. नाव फळ्यावर आहे म्हटल्यावर विचारायचं काय? तिच्या हातावर दोन छड्या बसल्या. मधल्या सुट्टीत ती माझ्याशी नेहमीसारखी बोलली, उलट स्वतःच्या डब्यातलं थालीपीठ दिलं, आणि मला ते खाववलं नाही. बाहेर ज्वारी काढायला आली होती, कोल्हा स्टेशनाकडची गाडी रुळावरून जात होती, कंडक्टर कोणाशी तरी लग्नाच्या तारखेबद्दल बोलत होता, आणि मी तिशी ओलांडलेली बाई सहावीतल्या त्या थालीपिठापाशी अडकून बसले होते. मला वाटतं माणूस भ्यायला की आधी स्वतःचा जुना गुन्हा शोधून काढतो, नव्याला सोबत म्हणून.

माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण रिकामं होतं, हेही इथंच सांगून टाकते. पिलं घरट्यात असताना झाडाला धक्का लागला तर मादी काय करते? पिलं टाकून जाते की हलवते? हलवते तर किती वेळात, किती लांब, कुठल्या झाडावर? रस्ते, विजेच्या तारा, तोडणी यांच्या मध्ये खारी कशा टिकतात याचं अर्धं उत्तर या एका प्रश्नात आहे. तीन वर्षांत मला तसं एकदाही पाहायला मिळालं नव्हतं. माझ्या गाइड माधवी मॅडम म्हणाल्या होत्या की वाट किती पाहणार, खोडावर काठीनं ठोके मार आणि घड्याळ लावून बस, शास्त्रात हे चालतं. शास्त्रात चालतं हे मलाही माहीत आहे. मी काठी घेऊन दोनदा गेले आणि दोन्ही वेळा झाडाखाली डबा खाऊन परत आले. मॅडमना सांगितलं की मादी घरट्यात नव्हती. माझा पुढचा विचार तुम्हाला कळला असेल. काठीचे दोन ठोके मारायला ज्या हाताला धीर झाला नाही, त्याच हातानं झाड तोडायला पाठवलं.

फाट्यावर उतरले आणि आधी मान वर करून पाहायचीच हिंमत झाली नाही. खाली बघत चालले. मग पहिली सावली पायावर पडली. एक नंबर उभा होता. दोन, तीन, चार. मी मोठ्यानं मोजत गेले. एक मोटारसायकलवाला थांबून बघून गेला. पंचवीस उभा, सव्वीस उभा, आणि मग आभाळाचा एक मोकळा तुकडा. बुंधा गुडघ्याएवढा उरला होता, भोवती लाकडाचा भुसा, त्यावर मुंग्या. पण अठ्ठावीस उभा होता. एकोणतीस, तीस, थेट चौसष्टपर्यंत. मी परत फिरून उलटं मोजत आले, कारण माझा माझ्यावर विश्वास राहिला नव्हता, आणि उलट मोजूनही त्रेसष्टच भरले. छातीवरून काहीतरी उतरलं. पूर्ण नाही. सत्तावीसचा बुंधा होताच, आणि त्याच्यावरची कापूस भरलेली जागा आता कुठं होती ते कोणाला विचारायचं हेही मला कळत नव्हतं.

बांधावरून चतुराबाई आल्या. ती जमीन त्यांची. मी पहिल्या दिवशी तिथं गेले तेव्हा त्यांनी नाव विचारलं, मग गाव विचारलं, मग आडनाव विचारलं. मी आडनाव सांगितल्यावर त्या थोडं थांबल्या आणि मग पाण्याचा तांब्या पुढं केला. ते थोडं थांबणं मी मोजलेलं आहे, मला मोजायची सवयच आहे. त्यानंतर तीन वर्षं आमचं बोलणं ऊन, पाऊस आणि खारी एवढ्यावरच राहिलं, आणि मी काय करते हे या बाईला काडीचंही कळत नसणार असं मी गृहीत धरून चालले होते. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "रडू नका बाई. गेल्यात त्या. समद्या गेल्यात."

गेल्यात म्हणजे मेल्या, असंच मला वाटलं. त्यांना ते कळलं असावं. मला हाताला धरून बुंध्यावरच बसवलं आणि सांगायला लागल्या. तोडणाऱ्यांत चंद्रभान नावाचा एक साठीचा माणूस आहे. आता सगळं काम कटर मशीननं होतं, पण तो अजून खांद्यावर कुऱ्हाड वागवतो, आणि झाड तोडायच्या आदल्या दिवशी दुपारी कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूनं खोडावर तीन ठोके घालून जातो. मुकादमानं कितीही तोंड सोडलं तरी त्या दिवशी तोडत नाही. सोमवारी दुपारी त्यानं सत्तावीसला ठोके घातले. चतुराबाई तिथंच हरभरा उपटत होत्या.

"घटकाभरानं बाहेर आली," त्या म्हणाल्या. "शेपटीला तुमचे पट्टे होते, म्या वळखली. तोंडात काहीतरी होतं, मला वाटलं उंदीर हाय. नीट पाह्यलं तर पिल्लू. तिच्या गळ्याभवती गुंडाळलेलं. रस्ता वलांडून त्या चिंचंवर गेली. पुन्ना आली. तीन खेपा केल्या बघा तिनं. मी पाटी घेऊन रस्त्यात उभी ऱ्हायले, येखादी गाडी येईल म्हनून."

मी विचारलं, चौथी खेप केली का? त्या म्हणाल्या, चौथ्यांदा आली, आत जाऊन बघून आली, तोंड रिकामं घेऊन गेली, मग न्हाई आली. तीनदा नेऊन चौथ्यांदा काही उरलं का ते पाहून जाणं. मी हसायला लागले. हसता हसता नाक वाहायला लागलं, वडिलांनी पाहिलं असतं तर साताची सर्दी मला झाली म्हणाले असते. चतुराबाईंनी हरभऱ्याचे टहाळ पुढं केले आणि मी ते अधाशासारखे सोलून खाल्ले. पानांवरची आंब ओठांना झोंबत होती, आणि इतकं चवदार मी कित्येक महिन्यांत काही खाल्लं नव्हतं. सकाळपासून पोटात काही नाही हेसुद्धा तेव्हा लक्षात आलं. सुटका झाली की भूक लागते, हे एरवी कोणी सांगितलं असतं तर मला फार साधं वाटलं असतं.

दुपारी चंद्रभान आणि मुकादम बजरंग तिथं आले तेव्हा बाकीचं कळलं. यादीत सत्तावीस नंबर होता, जात चिंच, पलीकडच्या अंगाची. पण रस्त्याच्या कामाची धूळ सगळ्या झाडांवर अशी बसली होती की तांबडा आणि पांढरा दोन्ही मातकट दिसत होते. चंद्रभानला आधी कडुलिंबावरचा माझा सत्तावीस दिसला. झाडाची जात यादीत बघायची असते हे बजरंगला माहीत होतं, पण तो त्या दिवशी दुसऱ्या टोकाला होता. झाड पडलं, आकड्यासकट फोटो निघाला, फोटो वर गेला, यादीत खूण झाली. मग दुसऱ्या दिवशी ही मंडळी पुढं सरकली आणि चिंचेवर पाहतात तर पुन्हा सत्तावीस. चंद्रभान म्हणाला की त्याला वाटलं, कालचंच झाड उभं राहिलं. तेवढ्यात चतुराबाई पाटी टाकून धावत आल्या आणि त्यांना सांगितलं, पांढरे आकडे खारीवाल्या बाईचे हायेत, सरकारचे न्हाईत, हात लावताल तर बघा. हे मला बजरंगनं सांगितलं, चतुराबाईंनी नाही. त्या बाजूला उभ्या राहून पदरानं हात पुसत होत्या.

चंद्रभानला मी विचारलं की ठोके का घालता. त्यालाच ते विचित्र वाटलं. "सांगावं लागतंय न्हवं? कोन कोन ऱ्हातंय आत आपल्याला काय माहीत. बापानं घालून देलंय, उद्या येतो म्हनून सांगायचं." मग जरा चाचरत म्हणाला, "गलती झाली बाई. मला नंबर दिसला, रंग न्हाई दिसला." मी म्हणाले की गलती माझीही आहे, आणि हे म्हणताना किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. सकाळपासून ती एकटीनं उचलून फिरत होते. आता ती आम्हा तिघांत वाटली गेली.

मी रस्ता ओलांडून चिंचेखाली जाऊन बसले. मोठं झाड आहे, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही. एक तास गेला, सव्वा तास. मग वरच्या दोन फांद्यांच्या दुबेळक्यातून एक शेपूट खाली लोंबलं, त्यावर दोन काळे पट्टे. ती खोडावरून डोकं खाली करून उतरली, माझ्याकडे पाहिलं, पाठीचे पट्टे श्वासागणिक वर-खाली होत होते, आणि परत वर गेली. जिथं आत शिरली तिथून कापसाचा एक पुंजका बाहेर आलेला दिसत होता. मी वही उघडली. ठोक्यांची वेळ, पहिल्या खेपेची वेळ, खेपा तीन, पाहणी एक. दोन झाडांमधलं अंतर पावलांनी मोजलं, अठ्ठावन्न. तीन वर्षांनी चौथं प्रकरण माझ्या मांडीवर येऊन पडलं होतं, कोणाला काठी न मारता. जात, चिंच, असं लिहिलं. पुढचा रकाना झाडाच्या नंबरचा आणि ठिकाणाचा होता, आणि तिथं बजरंग माझ्या मागं येऊन उभा राहिला.

तो अदबीनंच बोलला. बाई, म्हणाला, तुमचे कागद कुठं जातेत? मी सांगितलं की परवानगीची अट आहे, दर महिन्याला झाडांची यादी, फोटो आणि ठिकाण वरच्या ऑफिसात द्यावं लागतं, आणि प्रबंधाची एक प्रतही. तो तिथं लावलेल्या आपल्या मोटारसायकलच्या आरशाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "आमची यादी बी तिथंच जाती. ही चिंच आमच्याकडं तुटलेली हाय. फोटू गेलाय वर. मी काई ती पुन्ना तोडत न्हाई, येका नंबरची दोन झाडं कशी तोडली म्हनून मलाच धरतेन. डांबर बी हिच्या अलीकडंच थांबायलंय. पन तुमच्या कागदात ही उभी दिसली की मग तोडावीच लागंल." एवढं बोलून तो निघून गेला. त्यानं मला काही करू नका असं म्हटलं नाही.

तो रकाना मी कोराच ठेवला. खोटं सांगत नाही, मनात आलं की महिनाभर थांबावं. पिलं मोठी होतील, घरट्याबाहेर पडतील, मग लिहावं. खार तर वाचली, प्रश्न खारीचा होता, चिंचेचा नव्हता. मान वर करून पाहिलं. आता डोळा सरावला होता आणि मला दुसरं घरटं दिसलं, मग तिसरं, मग एका ढोलीपाशी चावलेल्या चिंचेच्या आकोड्यांचा, शेंगांचा, ढीग. ती मादी रस्ता ओलांडून उगाच इथं आली नव्हती. कडुलिंबं एकेक करून जातील तेव्हा बाकीच्याही इथंच येतील. माझ्या प्रश्नाचं उत्तर हे झाड होतं, आणि ते कागदावर लिहिलं की ते उत्तर उरणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला जे शोधायचं होतं ते सापडलं होतं, आणि सापडल्याचा आनंद इतका खरा होता की तो कोणाला दाखवायची गरज आहे का, असा एक अगदी नवा विचार मनात आला. मी ते पान वहीतून काढलं, घडी केली आणि पर्समध्ये ठेवलं. फाडून टाकण्याइतकी मी मोठी झालेली नाही.

मग माधवी मॅडमना फोन लावला. त्यांनी तीस वर्षं पाखरं आणि प्राणी पाहिले आहेत, त्यांच्याशी खोटं बोलणं अवघड जातं. त्यांना सांगितलं की एक झाड चुकून तुटलं, बाकी सगळी शाबूत आहेत, आणि उद्याच सगळ्या संबंधितांना माझ्या आकड्यांबद्दल लेखी कळवते. त्यांनी विचारलं, सत्तावीसच्या मादीचं काय.

"तिची नोंद तुटली, मॅडम."

"मेली?"

"नाही. चांगली आहे. पिलंही चांगली आहेत."

मग त्या सावकाश म्हणाल्या, "चौथ्या प्रकरणात लिही मग, की असं वर्तन आढळलं नाही."

"तसं लिहिता येणार नाही, मॅडम. आढळलंय."

मागं त्यांच्या घरातला कुकर शिट्टी देऊन थांबला. मला वाटलं आता त्या जागा विचारतील, झाड विचारतील, आणि त्यांनी विचारलं तर मी सांगून टाकेन हे मला माहीत होतं. त्यांनी विचारलं नाही.

"मग प्रकरणच काढून टाक," त्या म्हणाल्या. "तीन प्रकरणांचा प्रबंध काही मरत नाही. सहा महिने जास्त लागतील, बाकीची नीट लिही."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. चतुराबाई पलीकडून हात करत होत्या, पाच वाजताची एसटी यायला झाली होती, तरी मी उठले नाही. वर चिंचेत ती चिर्र चिर्र करून ओरडली, थांबली, पुन्हा ओरडली, आणि किती वाजले ते मी पाहिलं नाही.